पिवळ्या टोपीतलं बाळ आणि जनरेटरचं डिझेल: मलावीतल्या एका रुग्णालयाला लोक देणगी का देतात?

हे प्रकरण दक्षिण मलावीतल्या एका ग्रामीण मिशन रुग्णालयाचं आणि त्याला इंग्लंडमधून पैसे पाठवणाऱ्या आमच्या छोट्या संस्थेचं आहे. गावाचं, रुग्णालयाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी या संस्थेची सचिव. २०२२ च्या उन्हाळ्यात देणग्या घसरायला लागल्या तेव्हा आम्ही सगळे एकच प्रश्न विचारत होतो, पैसे कसे वाढवायचे. लोक मुळात पैसे का देतात, हे आम्ही इतक्या वर्षांत कुणालाच विचारलं नव्हतं.

पार्श्वभूमी

मलावीला समुद्र नाही. परदेशातून येणारी बहुतेक प्रत्येक गोष्ट मोझांबिकमधल्या बैरा किंवा नकाला बंदरातून, नाहीतर टांझानियातल्या दार-ए-सलामहून ट्रकनं किंवा रेल्वेनं आत येते. डिझेलही तसंच येतं. देशातल्या आरोग्यसेवेचा मोठा भाग, विशेषतः खेड्यांतला, चर्चच्या रुग्णालयांवर चालतो. या रुग्णालयांच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे पगार सरकार देतं. बाळंतपण आणि नवजात बाळांवरचे उपचार गरिबांना फुकट मिळावेत म्हणून सरकारशी करार असतात. बाकी आजारांसाठी रुग्णाला थोडी फी पडते. कागदावर हे गणित बसतं. प्रत्यक्षात सरकारकडून बिलाचे पैसे उशिरा येतात, आणि डिझेल, ऑक्सिजनच्या नळ्या, गळकं छप्पर, रुग्णवाहिकेचं टायर या गोष्टी कुणाच्याच खात्यात धड बसत नाहीत.

आमच्या रुग्णालयात सिझेरियन करणारे बहुतेक जण एमबीबीएस डॉक्टर नाहीत. ते क्लिनिकल ऑफिसर आहेत, म्हणजे डॉक्टरांपेक्षा कमी मुदतीचं वैद्यकीय शिक्षण घेतलेले, आणि मलावीत सगळीकडे हेच चित्र आहे. प्रत्येक रुग्णासोबत घरचं एक माणूस राहतं. त्याला तिथे 'गार्डियन' म्हणतात. आवारातल्या शेडमध्ये चुली मांडून ही मंडळी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, शिजवतात. आपल्याकडच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर डबा घेऊन बसलेला नातेवाईक ज्यानं पाहिलाय, त्याला ते आवार परकं वाटणार नाही.

रुग्णालयातला सगळ्यात नाजूक कोपरा म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांची खोली. २०१० सालासाठीचे जागतिक अंदाज २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत मुदतपूर्व जन्मांच्या प्रमाणात मलावी जगात पहिला होता: शंभरातली सुमारे अठरा बाळं. हिवताप, कुपोषण, एचआयव्ही, कोवळ्या वयातलं बाळंतपण अशी बरीच कारणं त्यामागे आहेत. या खोलीत दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहेत. हे यंत्र खोलीतली हवा ओढून त्यातला नायट्रोजन गाळतं आणि नव्वद टक्क्यांहून शुद्ध ऑक्सिजन देतं. प्रवाह वाटून देणारं स्टँड लावलं तर एका यंत्रावर चार-पाच बाळं श्वास घेऊ शकतात. सिलिंडर वाहून आणायची गरज नाही, हा त्याचा मोठा गुण. वीज गेली की ते त्या क्षणी बंद पडतं, हा दोष.

आमची संस्था त्या रुग्णालयात काम केलेल्या एका स्कॉटिश नर्सनं परत आल्यावर सुरू केली. स्कॉटलंड आणि मलावीचं नातं जुनं आहे, डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी प्रवाशाच्या काळापासूनचं, आणि ते आजही चर्चच्या मंडळ्यांमधून आणि शाळांमधून जिवंत आहे. नंतर त्यात मिडलंड्समधला, म्हणजे मध्य इंग्लंडमधला, आमचा गट आला. आमच्यातल्या एका मराठी बालरोगतज्ज्ञांनी तिथे तीन महिने काम केलं होतं. त्यांनी गणेशोत्सवात एक टेबल मांडलं आणि तीसेक मराठी घरं जोडली गेली. एकूण देणगीदार दोनशेच्या आत, विश्वस्त सहा, पगारी माणूस एकही नाही.

अडचण

जानेवारी २०२२ मध्ये आना चक्रीवादळाच्या पुरात शिरे नदीवरचं कपिचिरा जलविद्युत केंद्र निकामी झालं आणि देशाची सुमारे १३० मेगावॅट वीज एका फटक्यात गेली. दुरुस्तीला वर्षाहून जास्त काळ लागला. त्याच वर्षी मेमध्ये मलावीच्या चलनाचं, क्वाचाचं, २५ टक्के अवमूल्यन झालं. परकीय चलन संपत आलेलं, पेट्रोल पंपांवर रांगा, आणि आमच्या रुग्णालयात जनरेटरचं डिझेल महिना संपायच्या आत संपायला लागलं.

इंग्लंडमध्येही तेच वर्ष महागाईचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर गेला. आमच्याकडे दरमहा दहा-पंधरा पौंडांच्या स्टँडिंग ऑर्डर होत्या, म्हणजे देणगीदाराच्या बँकेतून आपोआप येणारे हप्ते, त्या एकेक करून बंद व्हायला लागल्या. माणसं चिठ्ठी लिहून माफी मागत. 'गॅसचं बिल परवडेना' असं एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं होतं, आणि त्यांच्यावर रागावणं कुणालाच शक्य नव्हतं.

सप्टेंबरमध्ये रुग्णालयाच्या मेट्रनचा, म्हणजे मुख्य परिचारिकेचा, व्हॉट्सॲप निरोप आला. त्यांना सगळे 'अमाई' म्हणतात, चिचेवा या तिथल्या भाषेत आईसाठी आणि वडीलधाऱ्या बाईसाठी हाच शब्द. अमाईंचा निरोप दोन ओळींचा होता. रात्री जनरेटर फक्त शस्त्रक्रिया असेल तरच लावायचा असा आदेश निघालाय. बाळांच्या खोलीचं काय करू ते सांगा.

समोरचे पर्याय

ऑक्टोबरच्या बैठकीत खजिनदारांनी पहिला पर्याय मांडला: फोटो. २०२१ मध्ये आम्ही एका बाळाचा फोटो घेऊन आवाहन काढलं होतं. एका वैद्यकीय विद्यार्थिनीनं काढलेला, सव्वा किलोची मुलगी, डोक्यावर पिवळी लोकरी टोपी, आईच्या छातीशी चितेंजेत बांधलेली. चितेंजे म्हणजे तिथल्या बायकांचं छापील सुती कापड. कमरेला गुंडाळतात, मूल पाठीला बांधतात, ओझंही वाहतात. त्या एका आवाहनाला आमच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रतिसाद मिळाला होता. खजिनदारांचं म्हणणं सरळ होतं, जे चाललं ते पुन्हा करू.

त्यांच्या बाजूनं शास्त्रही होतं. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांचा २००७ सालचा एक गाजलेला प्रयोग आहे. लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातले किती दान करता असं विचारलं. मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एका मुलीची गोष्ट वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, आफ्रिकेतल्या दुष्काळाची आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४. आणि मुलगी व आकडेवारी दोन्ही एकत्र दाखवली तेव्हा रक्कम १.४३ वर आली. म्हणजे आकडा जोडला की माया आटते. आमच्या विश्वस्तांपैकी एक बाई आयुष्यभर मानसशास्त्र शिकवत होत्या. त्यांनी हे सांगितलं आणि त्याच दमात एक शंकाही काढली, की त्या प्रयोगात माणसानं एकदाच द्यायचं होतं. आपल्याला तर दर महिन्याला डिझेल लागतं.

दुसरा पर्याय आयता चालून आला होता. एका इंग्लिश रुग्णालयातून जुनी सहा इन्क्युबेटर निघत होती. कंटेनरचं भाडं द्यायला एक व्यापारी तयार होता. चकचकीत, काचेची, डोळ्यांना दिसणारी वस्तू. देणगीदारांना हे किती आवडेल ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. मलावीत ब्रिटिश पद्धतीचाच तीन पिनांचा प्लग आहे, त्यामुळे ते भिंतीत बसलंही असतं.

तिसरा पर्याय एका धनिक कुटुंबाचा. वडिलांच्या नावाचा प्रसूती कक्ष बांधायला मोठी रक्कम, अट एवढीच की ती रक्कम फक्त इमारतीला.

चौथा पर्याय बालरोगतज्ज्ञांनी जवळजवळ पुटपुटत मांडला. 'जे देतायत त्यांना फोन करून विचारू या का, की तुम्ही का देता?' यातून एक पौंडही येणार नाही हे उघड होतं. खजिनदार म्हणाले, 'घर जळतंय आणि आपण पाहणी करायची?' त्या वाक्यात दम होता. शेवटी ठरलं की साठवणीतल्या पैशांतून तीन महिन्यांचं डिझेल लगेच पाठवायचं आणि ते तीन महिने विचारण्यात घालवायचे. आमच्या सगळ्या निर्णयांमध्ये मला हा आजही सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

फोनवर काय ऐकलं

आम्ही चौघांनी डिसेंबर आणि जानेवारीत चाळीसेक देणगीदारांना फोन केले. प्रश्न एकच ठेवला: पहिल्यांदा दिलेत तेव्हा काय झालं होतं? 'का देता' असं विचारलं की माणूस चांगलं वाटेल असं उत्तर शोधतो. 'काय झालं होतं' म्हटलं की प्रसंग सांगतो.

पहिला मराठी फोन मी मिरजेच्या एका काकूंना केला. वय ऐंशीच्या पुढे. 'अहो, मी जन्मले मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात,' त्या म्हणाल्या. 'आमच्या आईला दोन दिवस कळा येत होत्या. बैलगाडीतून नेलं. ते दवाखाने अमेरिकेतल्या बायाबापड्यांच्या पैशावर उभे राहिले, ठाऊक आहे ना तुम्हाला? मला कधी त्यांचं नाव कळलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी टेबलावर फोटो मांडले होते ना, तिथला तो पांढरा पलंग बघितला आणि मला आमच्या आईचंच आठवलं.' मिरजेचं वानलेस रुग्णालय १८९०च्या दशकात डॉ. विल्यम वानलेस यांनी प्रेस्बिटेरियन मिशनच्या मदतीनं उभारलं, एवढं मला माहीत होतं. काकू त्या उपकाराची फेड एका तिसऱ्याच देशात करत होत्या, हे मात्र त्या फोनपर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी २०१४ पासून एकही महिना चुकवला नव्हता.

लेस्टरमधल्या एका गुजराती आजींचं कारण वेगळं. त्यांच्या वडिलांचं दक्षिण मलावीत खेड्यात दुकान होतं. १९७०च्या दशकात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांदा यांच्या सरकारनं आशियाई व्यापाऱ्यांना खेड्यांतून हलवून मोजक्या शहरांत कोंडलं, दुकान गेलं, आणि कुटुंब पुढे इंग्लंडला आलं. मला वाटलं होतं, कडवटपणा असेल. त्या म्हणाल्या, 'दुकान सरकारनं घेतलं. मला लहानपणी सांभाळलं ते तिथल्या बाईनं.' त्या बाईचं नाव त्यांनी फोनवर तीनदा उच्चारलं.

त्या रुग्णालयात शिकाऊ म्हणून जाऊन आलेले डॉक्टर होते. त्यांच्या बोलण्यात एक अपराधी सूर होता: आम्ही तिथे शिकलो, आणि निघून आलो. चर्चमधली माणसं होती, ती मिळकतीचा दहावा हिस्सा बाजूला काढतात. त्यांच्यासाठी प्रश्न 'द्यायचं का' असा नव्हताच, 'कुणाला' एवढाच होता. मूल गमावलेली तीन जोडपी होती. त्यांच्याशी बोलताना मी प्रश्न पुढे नेला नाही, नुसतं ऐकलं.

मराठी घरांमध्ये एक उत्तर पुन्हा पुन्हा आलं: 'डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.' हे मला आधी पोकळ वाटलं. मग लहानपणीची वर्गणी आठवली. गणपतीची वर्गणी मागायला कोण आलंय यावर रक्कम ठरते, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. अनोळखी पोरं आली तर अकरा रुपये, आणि बापूकाका स्वतः पावतीपुस्तक घेऊन आले तर एकशे एक. घरातला माणूस त्या क्षणी मंडळाचा ताळेबंद बघत नाही, बापूकाकांना बघतो. आनंदवनाला वर्षानुवर्षं मनिऑर्डर करणाऱ्यांनी तरी कुठे हिशेब तपासले होते? त्यांचा बाबा आमट्यांवर विश्वास होता. 'डॉक्टरांनी सांगितलं म्हणून' हे विश्वासाचंच उत्तर होतं, आणि विश्वास ठेवलेला माणूस खरा निघाला पाहिजे एवढीच त्यामागची अपेक्षा.

आता २०२१ च्या फोटोकडे. त्या आवाहनाला पहिल्यांदा देणारे जे भेटले, त्यांतल्या बहुतेकांना रुग्णालयाचं नाव आठवत नव्हतं. टोपी आठवत होती. आणि त्यांतल्या फार थोड्यांनी पुन्हा दिलं होतं. मानसशास्त्राच्या बाईंची शंका बरोबर निघाली.

पिवळ्या टोपीचा निर्णय

त्या फोटोनं जोडली गेलेली एक व्यक्ती मात्र टिकली होती: शेजारच्या गावातल्या एक वृद्ध इंग्लिश विधवा बाई. दर नाताळला त्यांचं कार्ड येई, सोबत विणलेल्या सहा पिवळ्या टोप्या आणि एक प्रश्न: आपली छोटी आता केवढी झाली? आमच्यापैकी कुणीतरी 'सर्व बाळं छान आहेत' असं काहीतरी गोल उत्तर लिहून टाकत असे. एकदा मीच लिहिलं होतं.

जानेवारी २०२३ मध्ये, नवं आवाहन काढायचं की नाही हे ठरवण्याआधी, मी अमाईंना विचारलं की त्या मुलीची काही खबर आहे का. अमाईंनी वही काढून पाहिली. फोटोनंतर नवव्या दिवशी, रात्री, ती मुलगी गेली होती. म्हणजे आमचं आवाहन छापून पोस्टात पडलं तेव्हा ती जगात नव्हती. आम्ही विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. अमाईंनी पुढे एक ओळ लिहिली: तिच्या आईला विचारून फोटो वापरला होता का?

विचारलं नव्हतं. विद्यार्थिनीनं हातवारे करून परवानगी घेतली होती, फोटो काढायची. तो हजारभर पत्रकांवर छापून परदेशातल्या घरोघरी जाईल हे त्या आईला कुणीच सांगितलं नव्हतं.

त्या बैठकीत आवाज चढले. एका विश्वस्तांचं मत होतं की फोटो यापुढे वापरू नये, पण जुनं उकरून काय मिळणार. देणगीदारांना धक्का बसेल, उरलेलेही जातील. दुसरी बाजू बालरोगतज्ज्ञांची. ते म्हणाले, 'मी लोकांना माझ्या तोंडाकडे बघून पैसे द्यायला लावतो. माझ्या तोंडून निघालेलं एक खोटं त्यांच्या घरी भिंतीवर लावलेलं आहे.' मत घेतलं, चार विरुद्ध दोन. त्या आवाहनाला ज्यांनी दिलं होतं त्या सगळ्यांना पत्र गेलं: मुलगी नवव्या दिवशी गेली, आम्ही चौकशी केली नाही, आईची रीतसर परवानगी नव्हती, फोटो आम्ही मागे घेत आहोत. वृद्ध बाईंकडे मी स्वतः गेले.

त्यांनी चहा केला, पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला. मग विचारलं, 'तिच्या आईला भेटायला कुणी गेलं होतं का?'

बाकीचे निर्णय

इन्क्युबेटर नाकारली. जागतिक आरोग्य संघटनेची दान दिलेल्या उपकरणांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आधी घेणाऱ्याला विचारा असं सांगतात. सुटे भाग, दुरुस्ती येणारं माणूस आणि वीज यांची सोय पाहा असं सांगतात. यांतलं एकही आमच्याकडे नव्हतं. शिवाय चांगला पर्याय त्या खोलीत आधीच होता: कांगारू पद्धत, बाळ उघड्या अंगानं आईच्या छातीशी. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांतला मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. एक ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांना जन्मल्यावर लगेच, स्थिर व्हायची वाट न पाहता, आईशी बांधलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू चौथ्या हिश्शानं घटले. अमाईंना इन्क्युबेटर नको होती. त्यांना रात्रभर टेकून बसता येईल अशा आठ खुर्च्या आणि दोन पडदे हवे होते. कंटेनरवाला व्यापारी नाराज झाला आणि त्याची मदत गेली.

धनिक कुटुंबाशी बोलणं लांबलं. आम्ही विचारलं, इमारतीऐवजी वडिलांच्या नावे पाच वर्षांची वीज द्याल का? सौर पॅनेल, बॅटऱ्या आणि बॅटऱ्या बदलायचा निधी. ते तयार झाले नाहीत. दुसरीकडे बांधलं असेल, आणि ते कुणाच्या तरी उपयोगी पडलं असेल अशी आशा आहे.

नव्या आवाहनात फोटो नव्हता. अमाईंनी एका रात्रीची हकिकत लिहून पाठवली, ती आम्ही जवळजवळ तशीच छापली. पावणेदोनला वीज गेली. कॉन्सन्ट्रेटरचा भोंगा वाजला. ऑक्सिजनवर तीन बाळं. नर्स एकटी, तिनं टॉर्च दातांत धरला आणि तीनही बाळं आयांच्या छातीशी दिली, पाठ चोळत राहा म्हणून सांगितलं. पहारेकरी जनरेटरकडे धावला. किल्लीच्या दुसऱ्या झटक्याला तो सुरू झाला. सहा मिनिटं गेली होती. सकाळपर्यंत अकरा लिटर डिझेल जळलं. तिन्ही बाळांनी सकाळी दूध घेतलं. खाली एकच वाक्य: तुमचे महिन्याचे दहा पौंड या रात्रींसाठी जातील. करदात्याच्या दहा पौंडांवर सरकारकडून गिफ्ट एडचे अडीच पौंड मिळतात, तेही लिहिलं.

एका जुन्या देणगीदारानं सांगितलं की नव्या प्रत्येक पौंडामागे मी एक देईन. खजिनदारांना तो आकडा एकास तीनवर न्यायचा होता. डीन कार्लन आणि जॉन लिस्ट यांच्या २००७ मधल्या, पन्नास हजारांवर जुन्या देणगीदारांना पत्रं पाठवून केलेल्या अभ्यासात जोड मिळाली की देणं वाढतं, पण एकास एक आणि एकास तीन यांत फरक पडत नाही असं दिसलं होतं. एकास एकवर थांबलो.

आवाहन छापखान्यात असताना, मार्च २०२३ मध्ये, फ्रेडी चक्रीवादळ दक्षिण मलावीवर आलं. हजाराहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. रुग्णालयाचा रस्ता तुटला. कॉलऱ्याची साथ आधीपासून चालूच होती. आम्ही वेगळं तातडीचं आवाहन काढलं आणि त्याला भराभर पैसे आले, बातम्यांत दृश्यं दिसत होती तोवर. तीन आठवड्यांनी दृश्यं गेली, पैसे थांबले. रस्ता अजून तुटलेलाच होता.

काय झालं

सत्याच्या पत्रानंतर आमचे काही देणगीदार गेले. एकानं कडक शब्दांत लिहिलं आणि ते योग्यच होतं. 'एका रात्रीच्या' आवाहनाला २०२१ च्या निम्म्याहून कमी पैसे आले. ती बैठक जड गेली. पण या वेळी आलेले बहुतेक पैसे स्टँडिंग ऑर्डरचे होते, आणि दोन वर्षांनी त्यांतल्या बहुतेक चालू होत्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं पुन्हा ४४ टक्के अवमूल्यन झालं, तेव्हा दरमहा ठरलेली रक्कम पौंडांत येते याचा अर्थ अमाईंना पहिल्यांदा नीट जाणवला. डिझेल महागलं, नर्सच्या पगाराची किंमत घसरली, पण आमचा हप्ता त्या महागाईसोबत चालू शकला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली आणि जिल्ह्यातल्या एचआयव्ही कार्यक्रमाची माणसं कमी झाली. त्या वर्षी आमच्यासारख्या छोट्या पैशावर भार वाढला. बाळांच्या खोलीतले दिवे तेवढे आम्ही राखू शकलो. त्या पलीकडचं आमच्या आवाक्यात नव्हतं.

सौर संच शेवटी २०२४ मध्ये बसला, लहान, फक्त त्या एका खोलीपुरता. जनरेटर अजूनही लागतो, पण रोज नाही.

वृद्ध बाईंचा प्रश्न मी अमाईंना कळवला होता. त्यांनी गावपातळीवरच्या आरोग्य सहायकाला सायकलवर पाठवलं. आई सापडली. तिला आमचं पत्र वाचून दाखवलं. ती रागावली नाही असं सहायकानं लिहिलं, पण त्यावर मी फार भरवसा ठेवत नाही. सरकारी माणसासमोर गरीब बाई राग दाखवत नाही. तिनं एकच गोष्ट मागितली. मुलीचा फोटो. तिच्याकडे एकही नव्हता.

पुन्हा करायचं तर

देणगीदारांना फोन करायला आम्हाला देणग्या घसरायची वाट पाहावी लागली, हे पहिल्या वर्षीच करायला हवं होतं. चाळीस फोनांतून जे कळलं ते आम्ही दहा वर्षं चुकीचं गृहीत धरत होतो. आम्हाला वाटायचं, लोक गरज बघून देतात. गरज तर सगळीकडे आहे. माणसं कुठल्या तरी जुन्या धाग्यानं त्या एका ठिकाणाशी बांधलेली असतात, आणि तो धागा बहुतेक वेळा एका माणसातून जातो. याची काळी बाजूही आहे. आमच्या मराठी घरांचं देणं बालरोगतज्ज्ञांवर टेकलेलं आहे आणि ते आता सत्तरीला आले आहेत. त्यांच्या जागी कोण उभं राहणार यावर आम्ही अजून उत्तर काढलेलं नाही.

इन्क्युबेटर नाकारली ते बरोबर, पण व्यापाऱ्याला नकार ज्या कोरड्या ईमेलनं कळवला ते चूक. त्याला अमाईंशी फोनवर बोलायला द्यायला हवं होतं. खुर्च्यांचं महत्त्व त्यांनी आमच्यापेक्षा चांगलं सांगितलं असतं, आणि तो माणूस मुळात मदत करायलाच आला होता.

फ्रेडीच्या वेळी आलेल्यांना आम्ही पुढचं काही कळवलं नाही. रस्ता कधी झाला, कुणाचं काय झालं, काहीच नाही. ती माणसं आमच्याकडून निसटली आणि दोष त्यांचा नव्हता.

मात्र सगळ्यात मोठी दुरुस्ती फोटोची. परवानगीचा कागद आता चिचेवात आहे आणि नर्स तो मोठ्यानं वाचून दाखवते: हा फोटो परदेशात जाईल, तो बघून लोक पैसे देतील, नाही म्हणालात तरी उपचार तसेच मिळतील. फोटो वापरण्याआधी तीन महिने थांबायचं आणि बाळाची खबर घ्यायची. गेल्या वर्षी विचारलेल्या पाच आयांपैकी दोघी नाही म्हणाल्या. आणि अंदाजपत्रकात एक नवी ओळ आली आहे, खजिनदारांनी स्वतःहून घातलेली: छोटा प्रिंटर, कागद आणि शाई. पत्रकात जावो न जावो, काढलेल्या प्रत्येक फोटोची पहिली प्रत आईच्या हातात, त्याच दिवशी.